रासायनिक नामांतील प्रत्यय

लोंढा जंक्शनावर हुबळी, मिरज आणि गोवा या तीन दिशांचे लोहमार्ग एकत्र येतात. त्यांबरोबर कानडी, मराठी आणि कोकणी यांचीही भेट होते. या भागातील मराठी विद्यार्थी ज्यास 'प्राणवायू' म्हणतो, त्यासच त्याचा कानडी शेजारी 'आम्लजनक' म्हणतो. 'सोडियम क्लोराइड' मात्र दोघांचेही एकच.

मोरचूद आणि हिराकस ही बाजारातील जुनी नावे. दोन्ही सल्फेटे, पण त्यांचे नाते नावांवरून कळत नाही. ही उणीव जाणून १७८७ साली पॅरिस येथे गितों द मोर्व्हो, लाव्हाझिए, बेर्तोले आणि फुर्क्र्वा यांनी नवी नामपद्धती सिद्ध केली. 'खानापूरकर' म्हणताच कुळाचे मूळ गाव कळावे, तसा प्रत्ययावरून पदार्थाचा घटक कळावा, हे तिचे तत्त्व. सोडियम सल्फाइडात ऑक्सिजन नाही, सल्फाइटात त्याचे तीन अणू, सल्फेटात चार; भेद सारा प्रत्ययाचा.

'ऑक्सिजन' या नावाचा अर्थ आम्ल उत्पन्न करणारा. 'आम्लजनक' हे त्याचेच प्रामाणिक भाषांतर. परंतु हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजन नसतो, हे १८१० च्या सुमारास डेव्ही यांनी दाखविले. नामाचा अर्थ खोटा ठरला. प्रत्ययांची व्यवस्था मात्र टिकली.

आपल्याकडेही प्रत्यय घडविण्याचे प्रयत्न झाले. डॉ. रघुवीर यांनी धातूंसाठी 'आतु' योजून 'क्षारातु', 'चूर्णातु' अशी नावे रचली; मराठीत 'कर्बद्विप्राणिद' आला. या रचनांत पद्धतशीरपणा होता, हे नाकारता येणार नाही. तथापि १९६१ साली स्थापन झालेल्या केंद्रीय शब्दावली आयोगाने मूलद्रव्यांची व संयुगांची आंतरराष्ट्रीय नावेच राखण्याचे धोरण स्वीकारले, आणि आमची पाठ्यपुस्तकेही मुख्यतः त्याच वाटेने गेली.

आम्हांस हा निर्णय योग्य वाटतो. विशेषतः शाळेची भाषा एक व कचेरीची दुसरी असलेल्या सीमाभागात. पण नावे घेतली म्हणजे अर्थ आपोआप येत नाही. 'फेरिक' मधील 'इक' हा 'धार्मिक' मधील 'इक' सारखाच ऐकू येतो, आणि 'लोहविषयक' एवढाच बोध होण्याचा संभव असतो. वस्तुतः 'फेरस' हून लोहाची संयुजा अधिक, हे तो सांगतो. परका शब्द घेण्यात मराठीची हानी नाही; त्याचा प्रत्यय न उलगडता तो पाठ करविण्यात आहे.