सुमाक : ताटातला आणि चामड्यातला

तेहरानच्या खाणावळीत भात आणि कबाब मागवले की सोबत जांभळट तांबड्या भुकटीची कुपी येते. आपल्याला ते तिखट वाटेल. जिभेवर मात्र ती भुकटी आंबट आणि पाठोपाठ तुरट लागते. हा सुमाक; ऱ्हस कोरिआरिया या झुडपाची वाळवून भरडलेली फळे. झुडूप आंब्याच्या कुळातले, म्हणजे काजू आणि बिब्बा त्याचे भाऊबंद. पण ‘कोरिआरिया’ हे नाव स्वयंपाकघरातून आलेले नाही. या लॅटिन शब्दाचा संबंध चामड्याशी आहे.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात डायोस्कोरिडीझ या ग्रीक वैद्याने दोन्ही उपयोग एकत्रच नोंदवले आहेत. फळे अन्नावर भुरभुरतात आणि हेच झाड कातडी कमावणारेही वापरतात, असे तो सांगतो. भूमध्य समुद्राभोवती लिंबाची लागवड पसरली ती बरीच नंतर, साधारण दहाव्या शतकापासून. त्याआधी आंबटपणासाठी सुमाक हाताशी होता. लिंबू आले तरी तो गेला नाही. १२२६ साली बगदादमध्ये लिहिलेल्या पाकग्रंथात ‘सुम्माकिय्या’ हा मांसाचा पदार्थ आहे.

फळाचा आंबटपणा मुख्यतः मॅलिक आम्लाचा. कच्च्या सफरचंदात असते तेच. तुरटपणा टॅनिनचा. जांभूळ खाल्ल्यावर जीभ ओढल्यासारखी होते, कारण टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटते. कातड्यातल्या कोलॅजेन या प्रथिनालाही ते असेच धरते आणि कातडे कुजेनासे होते. सुमाकच्या वाळलेल्या पानांत सुमारे पाव भाग टॅनिन असते. म्हणून एकोणिसाव्या शतकात सिसिलीतून या पानांची भुकटी मोठ्या प्रमाणावर निर्यात होई. तिने कमावलेले चामडे फिकट राहते आणि त्यावर रंग छान चढतो.

त्याच शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधल्या ग्रंथपालांपुढे एक चमत्कारिक संकट उभे राहिले. शेकडो वर्षांपूर्वीच्या बांधण्या शाबूत होत्या, पण अलीकडच्या पुस्तकांच्या चामड्याचा तांबडा भुगा होत होता. लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सने समिती नेमली. तिचा अहवाल १९०१ साली आला. गॅसच्या दिव्यांचा धूर आणि प्रकाश यांनी चामडे बिघडते हे तिने दाखवलेच, पण कमावण्यासाठी काय वापरले यानेही फार फरक पडतो, असा निष्कर्ष काढला. सुमाकचे चामडे टिकाऊ ठरले. सर्वांत वाईट ठरले ते हिंदुस्थानातून येणारे, स्वस्त बांधणीत वापरले जाणारे चामडे. दहा वर्षांच्या आत त्याचा ऱ्हास दिसू लागे.

हे चामडे कमावले जाई तरवडाच्या सालीने. आपल्या माळरानांवर पिवळ्या फुलांनी डवरणारा तोच हा तरवड! त्याच्यातले टॅनिन वेगळ्या जातीचे. ते प्रकाशात तांबडे पडते आणि आम्लापुढे चामड्याला फारसे संरक्षण देत नाही. तरीही तरवडाला नावे ठेवणे मला पटत नाही. इतर पुष्कळ कामांना हे चामडे चांगले आहे, असे समितीनेही म्हटले होते. बूट दहा वर्षे टिकला तर मालक खूश असतो. ग्रंथपालाचा हिशेब शतकांचा.

पुढे क्रोमियमच्या क्षारांनी चामड्याचा धंदा व्यापला आणि सुमाकची पाने मागे पडली. फळांचे मात्र चालूच आहे. नवरोजला इराणी घरांत ‘स’ने सुरू होणाऱ्या सात वस्तू मांडतात, त्यांत वाटीभर सुमाकही असतो.