विदा-प्रतिरूपण आणि संरक्षण-गट

संगणकात साठविलेल्या नोंदींची दुसरी प्रत वेगळ्या यंत्रावर, बहुधा वेगळ्या ठिकाणी, सतत अद्ययावत ठेवण्याच्या क्रियेस विदा-प्रतिरूपण म्हणतात. व्यवहारात ज्यांना ‘डेटा’ म्हणतात त्या नोंदी म्हणजेच विदा होत. एकच काम वाटून घेणाऱ्या व परस्परांची जागा घेऊ शकणाऱ्या सर्व्हरांच्या जुळणीस संगणक-समूह किंवा क्लस्टर ही संज्ञा आहे. एखादे काम, त्याला लागणारी विदा आणि त्या विदेची प्रत ज्या मार्गाने दुसऱ्या समूहाकडे जाते तो मार्ग, यांची मिळून जी एक व्यवस्थापकीय मोट बांधली जाते, तिला संरक्षण-गट म्हणतात. आपत्तीच्या वेळी ही मोट अखंडपणे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी हलविता यावी, हा तिचा हेतू होय.

पूर्वपीठिका : नोंदीची एकच प्रत असणे धोक्याचे असते, ही जाणीव संगणकाहून पुष्कळ जुनी आहे. मराठी मुलखात गावचे दप्तर कुलकर्ण्याकडे, तर परगण्याचे दप्तर देशपांड्याकडे असे. एका दप्तराला आग लागली किंवा त्यात कोणी खाडाखोड केली, तर दुसऱ्यावरून ताळा घेता येई. वतनाच्या तंट्यांत अशा जुन्या कागदांचा पुरावा मोलाचा ठरे. या व्यवस्थेत पुढील काळातील दोन मूलभूत प्रश्न बीजरूपाने दिसतात. पहिला, दोन प्रतींमध्ये तफावत पडली तर खरी कोणती मानावयाची? दुसरा, मूळ प्रत व दुसरी प्रत यांत किती काळाचे अंतर चालेल? कागदाच्या युगात हे अंतर महिन्यांचे असले तरी निभावत असे. संगणकाच्या युगात ते सेकंदाच्या अंशावर आले.

एकमेव प्रतीचा धोका अलीकडच्या काळातही ओढवला. २१ जून २०१२ रोजी मुंबईतील मंत्रालयाच्या इमारतीस लागलेल्या आगीत वरच्या मजल्यांवरील कार्यालये जळाली व तेथील कागदपत्रे मोठ्या प्रमाणावर नष्ट झाली. ज्या कागदांच्या प्रती अन्यत्र होत्या तेवढेच पुन्हा उभे करता येण्याजोगे होते.

तांत्रिक विकास : संगणकातील बिघाड गृहीत धरूनच यंत्ररचना करावी, हा विचार व्यापारी पातळीवर प्रथम टँडेम या अमेरिकन कंपनीने रुजविला. १९७४ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीने १९७६ मध्ये ‘नॉनस्टॉप’ संगणक बाजारात आणला. त्यात प्रत्येक महत्त्वाचा घटक दुहेरी असे व एक बंद पडताच दुसरा काम पुढे चालवी. १९७८ मध्ये जिम ग्रे यांनी विदा-व्यवहार पूर्णत्वास नेण्याच्या ‘द्विपदी निश्चिती’ या पद्धतीचे विवेचन केले. तीत एका व्यवहाराशी संबंधित सर्व यंत्रे आधी संमती देतात व त्यानंतरच तो व्यवहार सर्वत्र एकदम पक्का होतो. त्याच वर्षी लेस्ली लॅम्पोर्ट यांनी, एकच घड्याळ नसलेल्या विखुरलेल्या यंत्रांत घटनांचा क्रम कसा ठरवावा, या प्रश्नाची तर्कशुद्ध मांडणी केली. १९८३ मध्ये डिजिटल इक्विपमेंट या कंपनीने आपल्या व्हॅक्स संगणकांचे समूह जाहीर केले. क्लस्टर हा शब्द पुढे या क्षेत्रात रूढ होण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. १९८८ मध्ये पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ या बर्कली येथील संशोधकांनी अनेक स्वस्त चकत्यांची जुळणी करून त्यांतील एक बिघडली तरी विदा वाचविण्याच्या ‘रेड’ पद्धतीवरील निबंध प्रसिद्ध केला.

या सर्व उपायांनी एका खोलीतील यंत्राचा बिघाड सावरला जाई. खोलीच नष्ट झाली तर मात्र उपाय नव्हता. ही उणीव दूर करण्यासाठी १९९० नंतरच्या दशकात साठवण-यंत्रांतूनच दूरच्या ठिकाणी प्रत पाठविण्याची तंत्रे आली. ईएमसी कंपनीचे ‘एसआरडीएफ’ हे तंत्र १९९४ चे असून हिताची कंपनीचे ‘ट्रूकॉपी’ हे त्याच प्रकारातील आहे. ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्क येथे झालेल्या हल्ल्यानंतर दूरस्थ प्रतीची गरज जगभरातील वित्तसंस्थांना तीव्रतेने पटली. त्यानंतर सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने आपल्या समूह-प्रणालीची भौगोलिक आवृत्ती काढली. संरक्षण-गट ही संज्ञा तिच्यात नेमक्या अर्थाने वापरलेली आढळते. २०१० मध्ये ही कंपनी ओरॅकलमध्ये विलीन झाल्यावर ती प्रणाली ओरॅकलच्या नावाने पुढे आली.

प्रतिरूपणाचे प्रकार : प्रतिरूपण समकालिक किंवा विलंबित असते. समकालिक पद्धतीत नवी नोंद दोन्ही ठिकाणी लिहिली गेल्याची पोच आल्याखेरीज मूळ यंत्र ती पूर्ण झाली असे मानत नाही. त्यामुळे मूळ ठिकाण अकस्मात नष्ट झाले तरी एकही पक्की नोंद गमावली जात नाही. विलंबित पद्धतीत मूळ यंत्र आपले काम पुढे नेते व प्रत मागाहून पोहोचते. यात शेवटच्या काही सेकंदांच्या वा मिनिटांच्या नोंदी बुडण्याचा संभव असतो.

समकालिक पद्धत सर्वत्र वापरता येत नाही, याचे कारण अंतर हे होय. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किमी. जातो. ५० किमी. अंतरावरील यंत्राकडे नोंद जाऊन पोच परत येण्यास किमान अर्धा सहस्रांश सेकंद लागतो, तर १,००० किमी. अंतरासाठी किमान १० सहस्रांश सेकंद लागतात. एका व्यवहारात हा विलंब नगण्य वाटतो. पण सेकंदाला हजारो व्यवहार करणाऱ्या संस्थेला तो परवडत नाही. म्हणून मोठ्या संस्था मूळ ठिकाणाजवळ समकालिक प्रतीचे एक निकट केंद्र व दूरवर विलंबित प्रतीचे एक आपत्ती-केंद्र अशी तिहेरी रचना करतात.

संरक्षण-गटाचे कार्य : एका बँकेच्या नोंदी अनेक चकत्यांवर पसरलेल्या असतात. एका खात्यातून रक्कम वजा झाल्याची नोंद एका चकतीवर व दुसऱ्या खात्यात ती जमा झाल्याची नोंद दुसऱ्या चकतीवर असू शकते. दूरच्या प्रतीत पहिली पोहोचली व दुसरी पोहोचली नाही, तर ती प्रत कोणत्याच क्षणाचे खरे चित्र दाखवीत नाही. म्हणून परस्परसंबद्ध चकत्यांचा एक गट करून त्यांच्या लेखनाचा क्रम दोन्हीकडे सारखा राखावा लागतो.

संरक्षण-गटात याहून अधिक बाबी येतात. दोन समूहांत प्रथम भागीदारी जोडली जाते व ते परस्परांना ठराविक अंतराने जिवंतपणाचा संकेत पाठवितात. गटाच्या नोंदीत कोणती कामे त्यात मोडतात, प्रतिरूपण कोणत्या प्रकारचे आहे, आज प्रमुख समूह कोणता व दुय्यम कोणता, हे नमूद असते. ही नोंद दोन्हीकडे तंतोतंत सारखी असावी लागते. एका ठिकाणी नवी चकती जोडली व दुसऱ्या ठिकाणी ती नोंदवावयाची राहिली, तर चूक रोजच्या कामात दिसत नाही. ती आपत्तीच्या दिवशीच उघडी पडते. प्रशासकाने प्रत्येक बदलानंतर दोन्ही बाजू ताडून पाहाव्या, असा दंडक आहे तो यामुळेच.

गटाची भूमिका दोन प्रकारे बदलता येते. नियोजित बदलात दोन्ही समूह सुस्थितीत असतात. प्रमुख समूहावरील काम थांबवून शेवटची नोंद पोहोचू दिली जाते व मग दुय्यम समूह प्रमुख होतो. सक्तीच्या ताब्यात प्रमुख समूहाची संमती मिळण्याचा प्रश्नच नसतो. दुय्यम समूह हाती असलेल्या प्रतीवर काम सुरू करतो. येथे मोठा धोका संभवतो. प्रमुख समूह प्रत्यक्षात जिवंत असून केवळ दोहोंमधील तार तुटली असेल, तर दोन्ही समूह स्वतःस प्रमुख मानून वेगवेगळ्या नोंदी करू लागतात आणि नंतर त्यांचा मेळ बसत नाही. यासाठी एकाच समूहातील यंत्रांत बहुमताचा नियम लावतात. दूरवरच्या दोन समूहांच्या बाबतीत मात्र ताबा घेण्याचा अंतिम निर्णय बहुधा माणसावर सोपवितात. जुना प्रमुख समूह परत आल्यावर तो दुय्यमच राहावा व उलट दिशेने प्रतिरूपण होऊन त्याची विदा ताजी व्हावी, हेही आवश्यक असते.

प्रतिरूपण हा साठवणीच्या जुन्या प्रतींना पर्याय नव्हे. चुकीने पुसलेली नोंद तितक्याच तत्परतेने दुसऱ्या ठिकाणीही पुसली जाते. त्यामुळे ठराविक काळाच्या गोठविलेल्या प्रती स्वतंत्रपणे राखाव्याच लागतात.

स्थाननिवड व कोयनेचा धडा : दुसरी प्रत कोठे ठेवावी, हा प्रश्न यंत्रशास्त्राइतकाच भूगोलाचा आहे. रत्नागिरी जिल्ह्याच्या चिपळूण तालुक्यात सह्याद्रीच्या पश्चिम पायथ्याशी पोफळी हे गाव असून कोयना प्रकल्पाच्या पहिल्या व दुसऱ्या टप्प्यांचे मिळून ८ संच तेथील एकाच भूमिगत विद्युत्‌गृहात आहेत. एक संच बंद ठेवला तरी उरलेले चालू राहतात. संचाच्या बिघाडापुरती ही रचना पुरेशी असते. परंतु ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयना परिसरात सुमारे ६·३ ते ६·५ महत्तेचा भूकंप झाला, तेव्हा पोफळीची वीजनिर्मिती खंडित झाली व मुंबईपर्यंतच्या उद्योगांना त्याची झळ पोहोचली. कोयनानगर भागात सुमारे १८० माणसे मृत्यू पावली. धरणातील उपकरणाने गुरुत्वत्वरणाच्या ०·६३ पट इतके भूत्वरण नोंदविले. दख्खनच्या पठारावर मोठा भूकंप होत नाही, ही समजूत त्यामुळे मागे पडली आणि १९७० मध्ये बांधकामविषयक भारतीय मानकातील भूकंपप्रवण विभागांची फेररचना झाली.

संचांची संख्या कितीही असली तरी जलाशय, डोंगर व भूकंपपट्टा एकच असेल, तर ते एकाच आपत्तीच्या कक्षेत असतात. विदेच्या प्रतींनाही हेच तत्त्व लागू पडते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिमी. पाऊस पडला. अशा दिवशी एकाच शहरातील दोन केंद्रे एकदम संकटात सापडू शकतात. म्हणून सेबी या नावाने परिचित असलेल्या भारतीय प्रतिभूती आणि विनिमय मंडळाने शेअर बाजारांचे आपत्ती-केंद्र शक्यतो वेगळ्या भूकंप विभागात असावे व ते न जमल्यास मुख्य केंद्रापासून किमान ५०० किमी. दूर असावे, असा निर्देश दिला.

मुंबईतील अनुभव : भारतात या तंत्राची कसोटी मुंबईच्या शेअर बाजारांत लागली. राष्ट्रीय शेअर बाजाराने ३ नोव्हेंबर १९९४ रोजी समभागांचे संगणकीय व्यवहार सुरू केले. त्याची प्रणाली स्ट्रेटस कंपनीच्या बिघाडसह संगणकावर चालत असे. मुंबई शेअर बाजाराची ‘बोल्ट’ प्रणाली १९९५ मध्ये सुरू झाली व ती टँडेमच्या यंत्रांवर बेतलेली होती. १९९६ मध्ये निक्षेपागार कायदा झाला आणि त्याच वर्षी राष्ट्रीय प्रतिभूती निक्षेपागाराचे काम मुंबईत सुरू झाले. समभागाचा कागद जाऊन त्याची जागा खात्यातील नोंदीने घेतली. नोंद हीच मालमत्ता झाल्यावर तिची प्रत राखणे ही सार्वजनिक विश्वासाची बाब ठरली.

१२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई महानगराचा वीजपुरवठा कोसळला, तरी शेअर बाजार चालू राहिले. त्यानंतर साडेचार महिन्यांच्या आतच, २४ फेब्रुवारी २०२१ रोजी, शहर सुरळीत असताना राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार सकाळी ११·४० च्या सुमारास थांबवावे लागले व ते दुपारी ३·४५ वाजता पुन्हा सुरू झाले. बाजाराने नंतर दिलेल्या स्पष्टीकरणानुसार मुख्य व निकट केंद्रांमधील दूरसंचार मार्ग विस्कळित झाले होते. ते दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे होते; पण रस्त्यावरील खोदकाम व बांधकाम यांमुळे दोन्ही बाधित झाले. वास्तविक असे मार्ग तुटले तरी मुख्य केंद्र चालू राहावयास हवे होते; प्रत्यक्षात तेथील साठवण-यंत्रणाच सर्व्हरांना अप्राप्य झाली आणि जोखीम-नियंत्रणाची प्रणाली बंद पडली. चेन्नई येथे आपत्ती-केंद्र असूनही काम तेथे हलविले गेले नाही. याचे कारण सेबीने विचारले. एकही नोंद गमावू नये म्हणून उभारलेली जोडणीच या वेळी कामबंदीचे निमित्त झाली, हे या घटनेचे मर्म होय. दुसरीकडे, अनेक गुंतवणूकदारांचे व दलालांचे खुले व्यवहार त्या चार तासांत अडकून पडले.

मार्च २०२१ मध्ये सेबीने नियम कडक केले. महत्त्वाची प्रणाली बंद पडल्यापासून ३० मिनिटांत आपत्ती जाहीर करावी व त्यानंतर ४५ मिनिटांत काम पूर्ववत करावे. तसेच विदेच्या संभाव्य हानीचा काळ १५ मिनिटांहून अधिक नसावा, असे त्यात सांगितले गेले. निर्णयास लागणारा मानवी विलंबही मोजमापात धरला गेला, हे या नियमांचे वैशिष्ट्य आहे. २ मार्च २०२४ व १८ मे २०२४ या शनिवारी शेअर बाजारांनी विशेष सत्रे भरविली. त्यांत पहिल्या भागातील व्यवहार मुख्य केंद्रावरून व दुसऱ्या भागातील व्यवहार आपत्ती-केंद्रावरून पार पडले.

मूल्यमापन : एरिक ब्रूअर यांनी २००० मध्ये मांडलेल्या व २००२ मध्ये गिल्बर्ट आणि लिंच यांनी सिद्ध केलेल्या प्रमेयानुसार, दोन ठिकाणांमधील संपर्क तुटला असता विदेची एकवाक्यता आणि सेवेची अखंडता या दोहोंपैकी एकीवर पाणी सोडावेच लागते. ही निवड कोणतेही यंत्र टाळू शकत नाही. संरक्षण-गटाचा उपयोग असा, की ती निवड आपत्तीपूर्वी शांतपणे करून लिहून ठेवता येते. ती न केल्यास गोंधळाच्या क्षणी ती आपोआप होते व तिचा भुर्दंड ज्यांची नावे त्या नोंदींत आहेत त्यांना भरावा लागतो. प्रत असणे आणि ती वेळेवर उपयोगी पडणे या भिन्न गोष्टी आहेत. नियमित तालमीखेरीज दुसऱ्या गोष्टीची खात्री देता येत नाही.