जबलपूरच्या टेकडीतील साक्ष

१८२८ साली कॅप्टन विल्यम स्लीमन यांना जबलपूरच्या बडा सिमला टेकडीत अश्मीभूत हाडे सापडली. १८७७ मध्ये रिचर्ड लायडेकर यांनी त्या प्राण्याला 'टायटॅनोसॉरस इंडिकस' हे नाव दिले. ती हाडे ज्या लमेटा थरांत होती, त्यांवर दख्खनच्या ज्वालामुखींचा काळा बेसाल्ट पसरला आहे. सह्याद्रीही त्याच लाव्ह्याचा.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या या उद्रेकांतून प्रचंड कार्बन डायऑक्साइड बाहेर पडला. डायनोसॉरांच्या अंतात उल्कापाताच्या जोडीने उद्रेकांचा वाटा किती, हा वाद अजून मिटलेला नाही. मात्र ते उद्रेक लाखो वर्षे चालले होते. माणसाने कोळसा व तेल जाळून हाच वायू हवेच्या दहा लाख भागांत २८० वरून ४२० भागांपलीकडे नेला, तोही अवघ्या अडीच शतकांत. उष्णतेच्या लाटा आणि अतिवृष्टी हे त्याचेच परिणाम होत.

बेसाल्ट झिजताना हा वायू शोषला जातो, पण अत्यंत संथपणे. म्हणून उत्सर्जन घटवणे हाच मुख्य उपाय. ज्वालामुखी थांबवणे कोणाच्याही हाती नसते. कोळशाची वीज मात्र बदलता येते. जबलपूरच्या ईशान्येस रीवा येथे ७५० मेगावॉटचा सौरऊर्जा प्रकल्प त्यासाठीच उभा आहे.