तळटीप : ‘जाती’ या शब्दाविषयी

* जाती : लेखकाने हा शब्द प्रकरणागणिक वेगळ्या अर्थाने वापरला आहे आणि आम्ही तो मुद्दाम तसाच ठेवला आहे. छंदःशास्त्रात जाती म्हणजे मात्रांवर बेतलेली रचना. रागांच्या औडव, षाडव, संपूर्ण या जाती स्वरसंख्येवरून ठरतात. न्यायदर्शनात सर्व गायींतले एकच ‘गोत्व’ ही जाती. वादातले फसवे उत्तर हीदेखील जातीच. वनस्पतिशास्त्रात मात्र वाचकाने जपून वाचावे. हापूस आणि पायरी यांना आपण सहज आंब्याच्या दोन जाती म्हणतो, पण शास्त्राच्या लेखी ते ‘मँगिफेरा इंडिका’ या एकाच जातीचे दोन वाण आहेत. हे नाव लिनीअसने १७५३ मध्ये दिले. बागायतदाराच्या तोंडी ‘जात’ आली आहे तिथे ‘वाण’ असा अर्थ घ्यावा. – संपादक