गोवा पावडर आणि सोरायसिसची गोष्ट

आमच्या सेनगावकडं अंगावर खवल्यांचे चट्टे दिसले की लोक लगेच म्हणतात, गजकर्ण झालंय, लांब बसा. आज सांगतो, हीच गफलत एकदा कशी कामाला आली.

एकोणिसाव्या शतकात मुंबई-गोव्याकडं गजकर्णावर ‘गोवा पावडर’ लावायचे. नाव गोव्याचं, पण भुकटी ब्राझीलच्या अरारोबा झाडाची, पोर्तुगिजांमार्फत इकडं आलेली. 1876 च्या सुमारास लंडनचे त्वचारोगतज्ज्ञ बाल्मॅनो स्क्वायर यांच्याकडं एक रुग्ण आला. सोरायसिसला गजकर्ण समजून त्यानं हीच पावडर लावली होती, आणि चट्टे चक्क कमी झाले होते! स्क्वायर यांनी मग तिच्यातल्या औषधी द्रव्याचं मलम वापरात आणलं. पुढं पहिल्या महायुद्धात, 1916 मध्ये, जर्मनीत त्याचं कृत्रिम भावंड आलं: डिथ्रॅनॉल.

पण ते काम कसं करतं? याचा बराचसा उलगडा 2020 मध्ये झाला. ऑस्ट्रियातल्या संशोधकांनी रुग्णांच्या त्वचेत कोणती जनुकं जागी आहेत ते तपासलं. सोरायसिसमध्ये त्वचेच्या पेशी शत्रू नसतानाही ‘हल्ला झाला’ अशी हाक देतात. आयएल-36 हा त्यातलाच एक संदेश. हाक ऐकून न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी धावत येतात आणि गोंधळ आणखी वाढवतात. डिथ्रॅनॉल हे चक्र तोडतं.

गजकर्ण बुरशीनं होतं, ते पसरतं. सोरायसिस शिवल्यानं पसरत नाही. म्हणून मी म्हणतो, कुणाचं ताट वेगळं करण्याआधी चट्टा डॉक्टरांना दाखवा.