लघुउद्योग : शासकीय साहाय्य व टिकाव

भारतातील लहान कारखान्यांना जागा, यंत्रे, कर्ज, बाजारपेठ व कायदेशीर संरक्षण मिळावे म्हणून केंद्र व राज्य शासनांनी उभारलेल्या यंत्रणा आणि कारखाने तगून राहण्यावर त्यांचा झालेला परिणाम. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः निर्मितिक्षेत्राचा विचार केला आहे.

यंत्रणेचा उदय : फोर्ड फाउंडेशनच्या साहाय्याने आलेल्या परदेशी तज्ज्ञगटाच्या शिफारशींनंतर लघुउद्योग विकास संघटना (१९५४) व राष्ट्रीय लघुउद्योग निगम (१९५५) स्थापन झाले. निगमाने भाडेखरेदीने यंत्रे दिली. हातात रोकड नसलेल्या कारागिराला लेथ मिळण्याचा हा एक मार्ग होता. महाराष्ट्रातील औद्योगिक विकास महामंडळ आणि लघुउद्योग विकास महामंडळ ही दोन्ही १९६२ मधील. जिल्हा उद्योग केंद्रे १९७८ पासून, तर भारतीय लघुउद्योग विकास बँक (सिडबी) १९९० पासून सुरू झाली.

खादी व ग्रामोद्योग : या क्षेत्रासाठीच्या आयोगाची स्थापना १९५७ मध्ये झाली.

वस्तूंचे आरक्षण : ठराविक वस्तूंचे उत्पादन केवळ लघुउद्योगांनीच करावे, हे धोरण १९६७ मध्ये ४७ वस्तूंपासून सुरू झाले. जनता पक्षाच्या राजवटीत यादी कित्येक पटींनी वाढली व नव्या वर्गीकरणानुसार ती ८०७ वर गेली. एप्रिल २०१५ मध्ये उरलेल्या २० वस्तूही वगळण्यात आल्या. त्यांत लोणची, पाव, मेणबत्त्या, काड्यापेट्या, काचेच्या बांगड्या व वह्या होत्या. आरक्षणाने कारखाने वाचले की ते लहानच राहिले, याविषयी अर्थतज्ज्ञांत मतभेद आहेत.

गणना : लघुउद्योगांच्या तिसऱ्या अखिल भारतीय गणनेत (२००१–०२) कायम नोंदणीचे सुमारे २२.६२ लाख कारखाने तपासले गेले. त्यांपैकी १३.७५ लाख चालू, तर ८.८७ लाख बंद आढळले. म्हणजे दर पाचांपैकी जवळजवळ दोन. आजारी कारखान्यांनी सांगितलेल्या कारणांत मागणीचा अभाव व खेळत्या भांडवलाची टंचाई ही प्रमुख होती. नोंदणी, गाळा व पहिले कर्ज यांवर दीर्घकाळ भर देणाऱ्या यंत्रणांनी कारखाना सुरू झाल्यानंतरच्या वर्षांकडे कमी लक्ष दिले, हे या आकड्यांतून दिसते. नव्या कारखान्याच्या उद्‌घाटनाइतकेच महत्त्व जुन्याच्या टिकण्याला मिळायला हवे होते.

थकीत देयके : खेळते भांडवल आटण्याचे एक मोठे कारण म्हणजे मोठ्या खरेदीदारांकडे अडकलेली बिले. माल पोहोचतो, मंजूर होतो, पण पैसे महिनोन्‌महिने येत नाहीत. कच्चा माल, पगार आणि कॅश क्रेडिटवरचे व्याज यांचा खर्च मात्र थांबत नाही. नफ्यात चाललेले कारखानेही यामुळे बुडतात. यावर पहिला कायदा १९९३ मध्ये झाला. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियमाने त्याची जागा घेतली. त्यानुसार लेखी करार असला, तरी सूक्ष्म व लघुउद्योगांचे पैसे ४५ दिवसांत देणे बंधनकारक आहे. करारात मुदत ठरली नसेल, तर १५ दिवसांत. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज द्यावे लागते. हे व्याज खरेदीदाराला आयकरात खर्च म्हणून दाखविता येत नाही. वाद सूक्ष्म व लघुउद्योग सुविधा परिषदेकडे नेता येतो. परिषद आधी समेट घडविते, तो न झाल्यास लवाद चालविते. निवाड्याला आव्हान देणाऱ्या खरेदीदाराला ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. ही अट या कायद्याचे सर्वांत धारदार हत्यार आहे.

परिषदेसाठी ९० दिवसांची मुदत आहे, पण कित्येक प्रकरणे तिच्या पलीकडे रेंगाळतात. त्याहून मोठा अडथळा भीतीचा. तक्रार केली, तर पुढची ऑर्डर जाईल, या धास्तीने एकाच मोठ्या कंपनीसाठी सुटे भाग करणारा जॉबवर्कवाला गप्प राहतो. बोलतो तो बहुधा संबंध तुटल्यावरच. ऑक्टोबर २०१७ मध्ये ‘समाधान’ पोर्टलवर ऑनलाइन अर्जाची सोय झाली, तरी अर्ज पुरवठादारानेच करायचा असल्याने ही भीती तशीच राहिली. म्हणूनच आयकर कायद्यातील ४३-बी (एच) हे कलम (२०२४–२५ च्या करनिर्धारण वर्षापासून) वेगळे ठरते. मुदतीत न दिलेली रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत खरेदीदाराला खर्चात धरता येत नाही, आणि त्यासाठी पुरवठादाराला तोंड उघडावे लागत नाही. काही खरेदीदार ‘उद्यम’ (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांची शासकीय) नोंदणी नसलेल्या पुरवठादारांकडे वळल्याच्या तक्रारी मात्र आल्या. २०२१ पासून व्यापाऱ्यांनाही उद्यम नोंदणी मिळते, पण ती केवळ अग्रक्रम क्षेत्रातील कर्जापुरती. ४५ दिवसांचे संरक्षण त्यांना नाही.

शासकीय खरेदी : केंद्रीय खाती व सार्वजनिक उपक्रमांनी वार्षिक खरेदीचा २५ टक्के भाग (२०१८ पूर्वी २० टक्के) सूक्ष्म व लघुउद्योगांकडून घ्यावा, असा दंडक आहे. त्यात महिला उद्योजकांसाठी ३ टक्के राखीव आहेत.

महासाथीचा काळ : मे २०२० मध्ये जाहीर झालेल्या तातडीच्या कर्जहमी योजनेत तारण न मागता वाढीव कर्ज मिळाले व त्याची पूर्ण हमी केंद्राने घेतली. स्टेट बँकेच्या संशोधन विभागाने जानेवारी २०२२ मध्ये सुमारे १३.५ लाख खाती वाचल्याचा अंदाज दिला. हा अंदाज कर्जखात्यांचा आहे. बँकेत खातेच नसलेल्या कारागिरांपर्यंत ही योजना पोहोचण्याचा प्रश्नच नव्हता.