नेट कोण खातंय? स्विचवर पोर्ट मिररिंग लावून असं शोधा

अर्जाची शेवटची तारीख जवळ आली की सेवा केंद्रासमोर रांग लागते. पीक विमा असो, शिष्यवृत्ती असो की सातबारा, पान अर्धं उघडतं आणि चक्र फिरत राहतं. रांगेतल्या माणसाचा रोज बुडतो, कधी तारीखही हुकते. सगळ्यांचं म्हणणं एकच, "नेट स्लो आहे." केंद्रचालक कंपनीला फोन करतो, जास्त पैशांचा प्लॅन घेतो आणि आठ दिवसांनी पुन्हा तेच.

बऱ्याच वेळा लाइनमध्ये दोष नसतो. त्याच लाइनवरचं एखादं यंत्र सगळं नेट ओढत असतं. चारीच्या वरच्या टोकाला कुणी दार उघडं ठेवलं की टेलच्या शेतकऱ्याला पाणी मिळत नाही, तसाच हा प्रकार. म्हणून प्लॅनचे पैसे वाढवण्याआधी नेट नेमकं कुठं जातंय ते बघायला हवं. हे बघण्याच्या पद्धतीला पोर्ट मिररिंग म्हणतात. ग्रामपंचायत, शाळा, सेवा केंद्र, पतसंस्था, दूध संकलन केंद्र अशा ठिकाणी जिथे पाच-दहा यंत्रं एकाच लाइनवर आहेत, तिथे ती कामाला येते. गावातल्या संगणक जाणणाऱ्या मुलामुलींना हे जमण्यासारखं आहे.

(पडद्यावर मेनूची नावं इंग्रजीत दिसतील. इथे ती उच्चाराप्रमाणे दिली आहेत.)

स्विच काय करतो?

राउटरमधून आलेली केबल ज्या छोट्या डब्यात जाते आणि तिथून संगणक, प्रिंटर, सीसीटीव्हीच्या डीव्हीआरला वाटली जाते, तो डबा म्हणजे स्विच. त्याच्या प्रत्येक भोकाला पोर्ट म्हणतात.

पूर्वी स्विचच्या जागी हब असायचा. हब म्हणजे दवंडी. एकासाठी आलेला निरोप सगळ्यांना ऐकू जायचा. स्विच पोस्टमनसारखा आहे. कोणत्या पोर्टवर कोणतं यंत्र आहे हे तो लक्षात ठेवतो आणि ज्याचं टपाल त्यालाच देतो. त्यामुळे वेग वाढला. पण एक अडचणही झाली. तुमचा लॅपटॉप स्विचला जोडला तरी त्याला फक्त स्वतःचं टपाल दिसतं. शेजारचा डीव्हीआर किती डेटा बाहेर पाठवतोय हे त्याला कळत नाही.

मग पोर्ट मिररिंग म्हणजे काय?

घरपट्टी भरली की पावती पुस्तकात कार्बन घालून दोन प्रती होतात. एक तुम्हाला, एक कार्यालयात. पोर्ट मिररिंग हेच करतं. आपण स्विचला सांगतो, "पोर्ट १ वरून जे जाईल-येईल त्याची एक प्रत पोर्ट ५ वर दे." मूळ डेटा ज्याचा त्याला वेळेवर पोहोचतो. पोर्ट ५ वर लॅपटॉप लावून आपण प्रत बघतो. सिस्को कंपनी यालाच स्पॅन म्हणते.

आधी परवानगी, मग केबल

ही पायरी सोडू नका. प्रत बघणारा माणूस लाइनवरचं कोणतं यंत्र कोणत्या वेबसाइटवर गेलं हे पाहू शकतो. गावात यंत्र कळलं की माणूस कळतो, आणि मग ती चर्चा पारावर जायला वेळ लागत नाही.

माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ नुसार मालकाच्या किंवा प्रमुखाच्या परवानगीशिवाय नेटवर्कमधला डेटा उतरवून घेतला तर भरपाई द्यावी लागू शकते. तेच काम अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूने केलं तर कलम ६६ खाली ३ वर्षांपर्यंत कैद, ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निकाल सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला आहे.

म्हणून एवढं करा:

- ग्रामपंचायतीत सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी, शाळेत मुख्याध्यापक, केंद्रात चालक यांची लेखी परवानगी घ्या.
- कोणत्या दिवशी, किती वेळ, कशासाठी तपासणी आहे ते कागदावर लिहा.
- तेवढ्या वेळात लाइन वापरणाऱ्यांना आधी सांगा. फलकावर दोन ओळी लिहिल्या तरी चालेल.
- पतसंस्था किंवा बँकेच्या कामाचं नेटवर्क असेल तर त्यांच्या संगणक विभागाला विचारल्याशिवाय हात लावू नका.

काय काय लागेल?

१. मिररिंगची सोय असलेला स्विच. बाजारात मिळणाऱ्या सगळ्यात स्वस्त साध्या स्विचवर काहीच सेटिंग नसतं, त्यावर हे होत नाही. 'मॅनेज्ड' किंवा 'स्मार्ट' स्विच लागतो. टीपी-लिंकचे टीएल-एसजी१०५ई (५ पोर्ट) आणि टीएल-एसजी१०८ई (८ पोर्ट) यांसारख्या छोट्या स्विचवर ही सोय आहे. दुसरा कोणता घेणार असाल तर डब्यावर किंवा माहितीपत्रकात 'पोर्ट मिररिंग' लिहिलंय का ते बघूनच पैसे द्या.

२. लॅन केबल लागेल असा लॅपटॉप. नुसत्या मोबाईलवर हे काम होत नाही.

३. वायरशार्क हे सॉफ्टवेअर. ते मोफत आहे. १९९८ मध्ये इथेरियल या नावाने ते सुरू झालं, २००६ मध्ये नाव बदललं. ते त्याच्या अधिकृत साइटवरूनच घ्या. विंडोजवर टाकताना ते एनपीकॅप नावाचा भाग टाकायला विचारतं, त्याला हो म्हणा. त्याशिवाय पॅकेट दिसत नाहीत.

४. दोन जादा लॅन केबल आणि वही-पेन.

जोडणी कशी करायची?

समजा ५ पोर्टचा स्विच आहे. राउटरची केबल पोर्ट १ ला. संगणक, डीव्हीआर, वायफायचा डबा पोर्ट २, ३, ४ ला. लॅपटॉप पोर्ट ५ ला.

प्रत फक्त पोर्ट १ ची घ्यायची, कारण बाहेर जाणारं आणि बाहेरून येणारं सगळं नेट त्याच दारातून जातं. सगळ्याच पोर्टची प्रत घेतली तर एकच पॅकेट दोनदा मोजलं जाईल आणि हिशेब चुकेल.

दोन ठिकाणी लोक हमखास अडकतात.

पहिलं, वायफाय. कंपनीने दिलेल्या डब्यातच वायफाय असेल तर मोबाईलचं नेट स्विचपर्यंत येतच नाही, थेट बाहेर जातं. म्हणजे ते प्रतीतही दिसणार नाही. त्यावर उपाय म्हणजे तपासणीपुरतं त्या डब्यातलं वायफाय बंद करून वायफायचा वेगळा डबा स्विचच्या पोर्टला जोडणं. हा दुसरा डबा 'ॲक्सेस पॉइंट' मोडवर ठेवा, नाहीतर त्याच्यामागचे सगळे मोबाईल एकच यंत्र म्हणून दिसतील.

दुसरं, स्विच राउटरच्या आतल्या बाजूला हवा. राउटरच्या बाहेर, म्हणजे कंपनीच्या लाइनकडे लावला तर सगळी यंत्रं एकाच पत्त्याने दिसतात आणि कोण काय खातंय ते कळत नाही.

सेटिंग, पायरी पायरीने

१. स्विचच्या स्टिकरवर किंवा माहितीपत्रकात त्याचा पत्ता आणि पासवर्ड असतो. तो पत्ता ब्राउझरमध्ये टाका.

२. कारखान्यातून आलेला पासवर्ड लगेच बदला.

३. टीपी-लिंकच्या वरच्या स्विचवर 'मॉनिटरिंग' मध्ये 'पोर्ट मिरर' आहे. ते चालू करा.

४. 'मिररिंग पोर्ट' म्हणजे जिथे प्रत येणार तो. इथे ५ निवडा. 'मिरर्ड पोर्ट' म्हणजे ज्याची प्रत काढायची तो. इथे १ निवडा. नावं सारखी असल्याने हे दोन उलटे पडतात, नीट बघा.

५. 'इनग्रेस' म्हणजे स्विचमध्ये येणारं, 'इग्रेस' म्हणजे स्विचमधून बाहेर पडणारं. दोन्ही चालू करा आणि 'अप्लाय' दाबा.

कॉलेज किंवा तालुक्याच्या कार्यालयात सिस्कोचा मोठा स्विच असेल तर तिथे कमांड द्यावी लागते. 'मॉनिटर सेशन १ सोर्स इंटरफेस' आणि पुढे राउटरच्या पोर्टचं नाव. मग 'मॉनिटर सेशन १ डेस्टिनेशन इंटरफेस' आणि पुढे लॅपटॉपच्या पोर्टचं नाव. 'शो मॉनिटर सेशन १' दिलं की नीट लागलंय का ते दिसतं. 'नो मॉनिटर सेशन १' दिलं की बंद. हे काम तिथल्या जबाबदार माणसानेच करावं.

बऱ्याच स्विचवर प्रत येणाऱ्या पोर्टवरून लॅपटॉपला नेट मिळत नाही. घाबरू नका, ते तसंच असतं. आणि त्या पोर्टला लॅपटॉपशिवाय दुसरा राउटर किंवा स्विच कधीच जोडू नका. प्रती परत नेटवर्कमध्ये शिरल्या तर सगळंच अडकू शकतं.

वायरशार्कमध्ये काय बघायचं?

वायरशार्क उघडा, 'इथरनेट' वर दोनदा क्लिक करा. ओळी धावायला लागतील. नेट सगळ्यात स्लो असतं त्या वेळी दहा मिनिटं चालू ठेवा. लाइनवर सरासरी १० एमबीपीएस वापर असेल तर दहा मिनिटांत साधारण ७५० एमबीची फाइल होते, म्हणून लॅपटॉपमध्ये जागा ठेवा.

थांबवल्यावर एकेक ओळ वाचत बसू नका. वर 'स्टॅटिस्टिक्स' मध्ये 'एंडपॉइंट्स' उघडा. 'आयपीव्ही४' या भागात 'बाइट्स' वर क्लिक केलं की जास्त वापरणारे वर येतात. आपल्या आतल्या यंत्रांचे पत्ते बहुधा १९२.१६८ ने सुरू होतात. 'टीएक्स' म्हणजे त्या यंत्राने पाठवलेलं, 'आरएक्स' म्हणजे त्याला मिळालेलं. आता बऱ्याच लाइनवर आयपीव्ही६ पण चालतं, म्हणून 'इथरनेट' हा भागही बघा. तिथे यंत्राच्या मॅक पत्त्याप्रमाणे दोन्हीचा एकत्र हिशेब मिळतो.

कोणता पत्ता कोणाचा हे राउटरच्या पानावर 'डीएचसीपी' यादीत सापडतं. वहीत यंत्राचं नाव, पत्ता, पाठवलेलं, मिळालेलं असे चार रकाने करा.

आकडे काय सांगतात?

- डीव्हीआर खूप पाठवतोय: कॅमेऱ्याचं चित्र सतत बाहेर जातंय. ४ एमबीपीएसचा एकच कॅमेरा दिवसरात्र चित्र पाठवत असेल तर २४ तासांत सुमारे ४३ जीबी होतात. चार कॅमेरे म्हणजे १६ एमबीपीएस कायमचे गेले. क्लाउडवर पाठवणं गरजेचं नसेल तर बंद करा किंवा चित्राचा दर्जा कमी ठेवा.
- संगणकाला खूप मिळतंय: बहुधा विंडोजचं अपडेट. ते बंद करू नका, केंद्र बंद झाल्यावर संध्याकाळी चालवा.
- मोबाईल खूप पाठवतोय: फोटो-व्हिडिओचा बॅकअप असू शकतो. तो रात्री ठेवायला सांगा.
- एखादं यंत्र मिनिटाला शेकडो अनोळखी पत्त्यांना ठोठावतंय: हे धोक्याचं आहे. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि डीव्हीआर असेच ताब्यात घेतले होते. ते पोर्ट २३ आणि २३२३ वर पुढचं सावज शोधत. असं दिसलं तर त्या यंत्राची केबल लगेच काढा, ते बंद करून चालू करा, नेटला परत जोडण्याआधी पासवर्ड बदला आणि मग अपडेट करा. संगणक साफ करण्यासाठी केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवर मोफत साधनं आहेत.
- कोणीच जास्त खात नाही, तरी स्लो: मग दोष लाइनमध्ये असण्याची शक्यता जास्त. बाकी सगळ्या केबल काढून, वायफाय बंद ठेवून एकाच संगणकावर वेग मोजा, तारीख-वेळेसह फोटो काढा आणि तो जोडून कंपनीकडे लेखी तक्रार करा.

काय दिसत नाही?

आज बहुतेक साइट आणि ॲप कुलूपबंद पद्धतीने चालतात. त्यामुळे व्हॉट्सॲपचे मेसेज, बँकेचा पासवर्ड, अर्जात भरलेली माहिती मिररिंगमधून वाचता येत नाही. किती डेटा, कधी, कोणत्या पत्त्यावर आणि बऱ्याचदा साइटचं नाव एवढं कळतं. नेट कोण खातंय हे शोधायला तेवढं पुरतं. कुणी "मी सगळे मेसेज वाचून दाखवतो" म्हणत असेल तर त्याला यंत्राजवळ येऊ देऊ नका.

असा स्विच नसेल तर?

आधी राउटरच्या पानावर किती यंत्रं जोडली आहेत ते मोजा. अनोळखी नावं दिसली तर वायफायचा पासवर्ड बदला. मग एकेक केबल पाच मिनिटं काढून वेग मोजा. जी केबल काढल्यावर नेट मोकळं होतं, तिकडेच बघा. वेळ लागतो, पण फुकट आहे.

काम झाल्यावर

मिररिंग बंद करा आणि बंद झालंय का ते पुन्हा उघडून बघा. चालू राहिलं तर उद्या त्या पोर्टला कुणीही लॅपटॉप लावून बघू शकेल. लॅपटॉपमधली फाइल पुसा. ती पेन ड्राइव्हवर किंवा ग्रुपवर कुणाला देऊ नका. वहीतला हिशेब मात्र ठेवा. त्यात माणसांची नावं नकोत, यंत्रांची पुरेत. पुढच्या अर्जांच्या गर्दीआधी पुन्हा एकदा तपासलं की फरक लगेच कळेल.

ऑनलाइन पैशांची फसवणूक झाली असेल तर वेळ न घालवता १९३० या हेल्पलाइनवर फोन करा.

माहिती कामाची वाटली तर तुमच्या गावातल्या सेवा केंद्रचालकाला आणि शाळेच्या सरांना-बाईंना नक्की पाठवा.